शेवटच्या सकाळी बॅगेत काय ठेवू नये

नांदेड, ३० नोव्हेंबर २०२५

अमरेश अण्णा,

नमस्कार. घ्यायचा तर घे, नाहीतर काउंटरवर पडू दे पाइपच्या तुकड्यांत. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला पावणेदोन वर्षं होत आली, म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, नोकरीचा अर्ज आहे का. म्हटलं, न्हाई, भावाला पत्र. तिनं असं बघितलं जसं मी टांगा मागितला.

मंजुश्री अक्कानं सांगितलं की पाइप कंपनीनं टारगेट पूर्ण केल्याबद्दल तुला जहाजाची सहल दिली आणि तू अप्पा-अव्वाला घेऊन चाललास. चौदा जानेवारीला मुंबईहून निघायचं, गोवा, लक्षद्वीप, अठराला सकाळी परत. मराठवाड्यातले साठ डीलर, घरच्यांसकट. तुझं स्टेटस पण दाखवलं तिनं. मागं समुद्र, पुढं जहाज, खाली 'स्वप्नपूर्ती' आणि कोपऱ्यात चार इंची पाइप. मी अक्काच्या सोफ्यावर बसून इतका हसलो की दाजी आतून बघायला आले.

हसलो कारण ते माझंच जहाज आहे. त्याच जहाजावर मी सात महिने काढले. तू लातूरला गंजगोलाईच्या बाजारात सगळ्यांना सांगायचास की धाकटा मर्चंट नेव्हीत आहे. धाकटा बॅगा उचलायचा, अण्णा. सगळ्यात खालच्या मजल्यावर, जिथं खिडकी नसते आणि दिवस उगवला का मावळला ते घड्याळ सांगतं.

पहिल्या दिवसाचं तुला सगळे सांगतील. फुगे, सरबत, नाचणारी पोरं. शेवटच्या सकाळचं कोणी सांगत नाही. चार दिवस ज्याला 'सर, सर' केलं त्याच सरला पाचव्या दिवशी आठच्या आत खोलीबाहेर काढायचं असतं, कारण बाराला दुसरे सर येतात. चादर गरम असतानाच ओढतात. तुमच्या त्या साठ डीलरांना वाटत असेल की जहाज त्यांच्यासाठी थांबतंय. जहाज त्यांच्या जायची वाट बघतंय.

तर ऐक. शेवटच्या रात्री जेवण झालं की मोठ्या बॅगा रंगीत पट्टी बांधून खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या. माझ्यासारखे लोक त्या खाली नेतात. सकाळी त्या थेट धक्क्यावरच्या हॉलमध्ये दिसतात. मध्ये मिळत नाहीत, कुणी का असेना. एक डॉक्टर होता, पुण्याचा का कुठला, सगळे कपडे बॅगेत भरून झोपला. सकाळी अंगावर चड्डी आणि जहाजाचा पांढरा गाउन. गाउन परत द्यावा लागतो. मग त्यानं टेबलावरचं कापड गुंडाळलं, ते पण परत द्यावं लागतं. हा माणूस लोकांची पोटं फाडतो म्हणे.

त्या डॉक्टरचं सोड. मुद्दा अप्पांचा आहे. अप्पांच्या पूजेची झोळी मोठ्या बॅगेत घालायची नाही. विभूती, तांब्या, पांढरं फडकं, सगळं हातात ठेवा. पूजेशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नाहीत हे तुला माहीत आहे, पण तू विसरशील, कारण तू सकाळी उठून आधी मोबाइल बघतोस. आणि अव्वा कोंबण्यात हुशार आहे.

दुसरं. अठराला सकाळी मी बंदराच्या गेटावर येणार आहे. अप्पांना सांग. येऊ का नको ते अक्काकडं कळव. एवढंच पाहिजे. बाकी कशासाठी मी लिहीत नाही.

तुमच्या पाटीवर 'माणिकप्पा अँड सन्स' आहे ना अजून? त्या सन्समधला दुसरा,
मल्लेश


विष्णुपुरी, ११ डिसेंबर

अण्णा,

तुझं उत्तर आलं नाही. अक्कानं फोनवर तुला विचारलं तर तू म्हणालास की माल उतरून राहिलाय, नंतर बोलू. अकरा दिवस माल उतरतोय. मालगाडी आहे की काय.

मी सध्या मांडववाल्याकडं आहे. नांदेडच्या लग्नांना नवरा-नवरीच्या मागं जो फुलांचा मोर असतो तो मी उभा करतो. मोर थर्माकोलचा असतो, लोक त्याला हात लावून बघतात. परवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला कार्यक्रम होता म्हणून इकडं आलो. तिथंच पॉलिटेक्निकच्या वेळी मी दोन वर्षं दुसऱ्याच्या खोलीत राहिलो होतो, तू दर महिन्याला यायचास आणि मी धरणावर असायचो. आज पण धरणावरच बसलोय. पाणी भरपूर आहे. काय करायचं ह्या शहराला एवढ्या पाण्याचं, नळाला तर दोन दिवसाआड येतं.

शेवटच्या सकाळचं पुढं सांगतो.

सहाला स्पीकर सुरू होतो. कॅप्टन आभार मानतो. त्यानं तुमच्यातल्या एकाचं पण तोंड बघितलेलं नसतं. नाश्ता साडेसातला बंद, आणि त्या दीड तासात माणसं अशी खातात जशी उद्यापासून दुष्काळ. पाव रुमालात बांधतात. मुरंब्याच्या चिमुकल्या बाटल्या बायकांच्या पर्सात खणखणतात. तुमचे डीलर उकडलेली अंडी खिशात घालतील आणि मग बसतील त्या खिशावर.

मग खोली सोडायची आणि बसायचं जिन्यावर. हे बघून घे, अण्णा. आठ मजली तरंगता महाल आणि हजार माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर, मांडीवर पिशवी, जशी औशाच्या स्टँडवर गाडी फेल झाल्यावर बसतात तशी. रंग पुकारतात. लाल गेले, हिरवे गेले. ज्यांचा रंग आला नाही ते गेलेल्यांकडं शत्रूसारखं बघतात. निळ्याला आधी सोडा म्हणून एकजण तरी कोणाची तरी ओळख सांगतो. तो तू असशील.

अक्कानं फोटो दाखवला, कंपनीनं साठही जणांना सारख्याच निळ्या बॅगा वाटल्यात. सारख्याच. कंपनीत बसलेल्या कुण्या शहाण्यानं हे केलं त्याचा सत्कार करा. अव्वाच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांध आपल्या बॅगेला, नाहीतर उदगीरवाल्याचे बनियन घरी येतील.

शेवटी दारात तुमचं कार्ड मशिनला लावतात. टिंग वाजतं. ती टिंग झाली की परत आत जाता येत नाही. चष्मा राहिला, कवळी राहिली, नाही. मी खाली बॅगा उतरवताना ती टिंग ऐकायचो, सकाळभर टिंग टिंग टिंग, आणि मनात म्हणायचो, चला, निघा.

तुला वाटत असेल हा मुद्द्याचं बोलत नाही. बोलतो.

तीन मार्च, दोन हजार चोवीस. माझी नोकरी त्या दिवशी संपली. अप्पा मला घ्यायला मुंबईला आले, कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत गेटासमोर उभे होते. धोतर, टोपी, हातात अव्वाच्या धपाट्यांचा डबा. मी त्यांना बघितलं. मी बसमध्ये होतो, खलाशांची बस दुसऱ्या दारानं निघते, ती गेटासमोरून वळते. मी खिडकीचा पडदा ओढला. अप्पा एकटे लातूरला गेले, डबा तसाच परत आला, आणि आठ दिवस अंगात ताप होता.

तू फोन केलास. म्हणालास, "बापाची लाज वाटली का रं तुला? धोतराची लाज वाटली?" मी म्हटलं, हाव. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

असं आहे ते. कबूल केलेलं पुन्हा कबूल काय करायचं. पण अप्पांना अठराला मला गेटावर बघू दे. मी पडदा ओढणार नाही, मी बसमध्येच नसेन.

मल्लेश


बिलोली, २३ डिसेंबर

अण्णा,

येळवशीची अमावस्या झाली. तुम्ही सगळे शेतावर गेला असाल, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि तू कंपनीच्या मॅनेजरला बोलावून झाडाखाली गादी टाकली असशील. मी इकडं बिलोलीत हॉटेलातली तर्री खाल्ली. माझंच चुकलं, कोणी बोलावलं नाही म्हणून जायचं नाही असं काही नसतं.

इथं बुद्धप्रियाकडं आहे. हा माझ्यासोबत जहाजावर होता, एकाच सरकत्या पट्ट्यावर आम्ही दोघं बॅगा टाकायचो, खाली एकाच खोलीत झोपायचो, वर-खाली. आता तहसीलच्या समोर झेरॉक्स टाकलीय. दिवसभर लोकांच्या सातबाऱ्याच्या प्रती काढतो आणि प्रत्येकाला सांगतो की मी तेरा देश बघितलेत. आमचं जहाज एकाच देशात फिरायचं.

काल त्याला तुझं-माझं सांगितलं. त्यानं मशिन बंद केलं.

"तू अजून तेच सांगून राहिला का, बापाची लाज वाटली म्हणून?"

म्हटलं, ठीक चाललंय की.

"काय ठीक चाललंय? तुझा भाऊ तुला हलकट समजून राहिला."

म्हटलं, खरं कळलं तर अप्पा काय समजतील?

तो म्हणाला, "ते मला काय माहीत. माझ्या गळ्यात काही नसतंय. पण तू त्या दिवशी बसमध्ये रडला ते मी बघितलंय. धोतरासाठी कोणी रडत नसतंय."

झेरॉक्सवाला माणूस, पण बोलला. म्हणून लिहून टाकतो. हे पत्र दुकानात उघडू नकोस.

माझ्या गळ्यात लिंग नव्हतं, अण्णा.

घरात कोणी बाहेरगावाहून आलं की अप्पा आधी काय करतात, तुला माहीत आहे. कॉलरच्या आत दोन बोटं घालून दोरा चाचपतात, इष्टलिंगाची चांदीची डबी हाताला लागली की मग विचारतात प्रवास कसा झाला. मी विष्णुपुरीहून यायचो तेव्हा पण, तू सुरतहून आलास तेव्हा पण. तुझं लग्न झालेलं होतं तरी. आपण हसायचो.

जहाजावर पट्ट्याच्या कामाला गळ्यात काही चालत नाही. यंत्रात अडकतं. पहिल्याच दिवशी काढायला लावलं. ते काही पाप नाही, रात्री घालता येत होतं. आठ दिवस घातलं. मग कंटाळा आला. मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि सात महिने बघितलं नाही. दोरा खाजवायचा, खरं सांगतो. गुरुपादप्पा स्वामींनी माझ्या हातात ते दिलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, अप्पा मागं उभे होते आणि म्हणाले होते, हे गेलं तर जेवायचं नसतंय. मी सात महिने जेवलो. रोज तीन वेळा, बुफेचं उरलेलं.

शेवटच्या सकाळी ठरवलं होतं, गेटाच्या अलीकडं घालू. पण खलाशांना आपल्या बॅगा स्वतः वाहून न्याव्या लागतात, सहा जिने, आणि मी आदल्या रात्रीचा थकलेला. मी काय केलं, उरलेली एक पिवळी पट्टी घेतली, माझ्या बॅगेला बांधली आणि पाहुण्यांच्या बॅगांत ढकलून दिली. म्हटलं पट्ट्यावरून आपोआप जाईल, खाली उचलू. सात महिने दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या, एक दिवस आपली कोणी तरी उचलू दे. एवढा माज.

पिवळे पाहुणे परदेशी होते. त्यांच्या बॅगा हॉलमध्ये उतरल्याच नाहीत, सरळ विमानतळाच्या ट्रकमध्ये गेल्या. मी हॉलमध्ये पोचलो तर जमिनीवर फक्त खडूची पिवळी रेघ. ऑफिसात सांगितलं तर ते म्हणाले, खलाशाची बॅग पाहुण्यांत गेलीच कशी? पुढं चार महिने मी फोन करत होतो. बॅग कुठल्या तरी देशात आहे. तेरा देशांपैकी एखादा असेल.

आणि बाहेर अप्पा, दोन बोटं घेऊन उभे.

लाज वाटली म्हणालास, मी हाव म्हणालो. ते सोपं होतं. धोतराची लाज वाटणारं पोरगं प्रत्येक गल्लीत असतंय, लोक थुंकतात आणि विसरतात.

आता तू हे सांगशील अप्पांना किंवा नाही सांगशील. तुझ्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हातात काही दिलं, तर टारगेटसारखं वागवू नकोस त्याला.

मल्लेश


औसा, ९ जानेवारी २०२६

अण्णा,

तुझा काही निरोप नाही. अक्का म्हणते तू तिच्यासमोर माझं नाव निघालं की चहा मागतोस. बरं.

मी औशाला आलो. लातूरपासून वीस किलोमीटरवर येऊन थांबलोय म्हणून हसशील, हस. किल्ल्यावर जाऊन आलो. आत काही नाही, वटवाघळं आणि प्रेमी. तोफेवर 'पुनम' असं खरडलंय, त्याच्याखाली तीन वेगवेगळ्या पोरांची नावं. पुनमचं बरं चाललंय.

मठाच्या रस्त्याला एक दुकान आहे, विभूती, रुद्राक्ष, लिंगाच्या डब्या, सगळं काचेत. सरजाबाई म्हणून म्हातारी बसते. मी एक लिंग घेतलं, चांदीसारखी दिसणारी डबी घेतली, काळा दोरा घेतला. अप्पांच्या बोटांना काय कळणार आहे, बोटं फक्त डबी चाचपतात. असं मनात चाललं होतं. म्हातारी म्हणाली, दीक्षा झाली न्हाई का तुझी? म्हटलं, झाली. मग पयलं कुठाय? म्हटलं, घरी.

ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. दुकानदारीण आहे, माल विकायचा सोडून बघत बसली. मग म्हणाली, "दुकानात हे दगडच असतंय, लेकरा. गुरूनं हातात ठेवल्यावर लिंग होतंय." आणि विभूतीची एक वडी कागदात गुंडाळून वर ठेवली. "हे घे. हे तरी खरं हाय."

राग आला मला. तुमचा माल खोटा आहे असं दुकानदारानं सांगायचं नसतं, निदान आपल्या लोकांत तरी.

तरी आता गळ्यात घातलंय. घालून तीन दिवस झाले. दोरा खाजवतो.

म्हणजे असं होणार: अठराला मी गेटावर उभा, अप्पा बाहेर येणार, दोन बोटं, डबी, आणि मग प्रवास कसा झाला. प्रकरण मिटलं. तू जर बिलोलीचं पत्र अप्पांना दाखवलं असशील तर मिटणार नाही. दाखवलं नसशील तर माझी विनंती आहे, जाळून टाक. हे पण. एका भावानं दुसऱ्याचं एवढं केलं तर कंपनी काही टारगेट कापत नाही.

झोळी हातात ठेवा. दुसऱ्यांदा सांगतो. चिंधी बांध.

भोगीला अव्वाच्या हातची तिळाची भाकरी आठवेल मला. संक्रांत तुम्ही जहाजावर करणार, तिथं वाटा तिळगूळ. तिथला कॅप्टन पण गोडच बोलतो, रोज सकाळी सहाला.

मल्लेश


लातूर, २० जानेवारी

अण्णा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वरच्या खोलीत लिहितोय आणि खाली तुझ्या काउंटरवर ठेवणार आहे. अठरापासून आपण एका घरात आहोत, एका ताटलीतली चटणी खातोय आणि तू माझ्याशी बोलत नाहीस. रेल्वेत पण बोलला नाहीस. अव्वाला विचारलंस, "हा अप्पांना काय बोलला?" मी समोरच्या बाकावर होतो, अण्णा. हात लांब केला असता तर लागला असता.

काल तू गोडाउनला गेलास आणि अप्पा म्हणाले, बस काउंटरवर. बिलबुक शोधत खण उघडला. चार पाकिटं. माझीच. रबर लावून, तारखेनं, एक पण उघडलेलं नाही. फेकली नाहीस हे पण बघितलं. तुझा स्वभाव आहे तो, नको असलेला माल पण मांडून ठेवायचा.

म्हणजे मी नोव्हेंबरपासून कोणाला सांगत होतो? जिन्याचं, टिंगचं, झोळीचं, ते सगळं? बिलोलीहून लिहिलं त्यानंतर मी चार रात्री झोपलो नव्हतो, तू अप्पांना सांगशील म्हणून. आणि तू सांगणार कुठून, तुला उघडायचाच कंटाळा. मला वाटायचं घरात आळशी मी एकटाच आहे.

तर तू आत असताना बाहेर काय झालं ते सांगतो. तुला दुसरं कोण सांगणार. अप्पा सांगणार नाहीत आणि अव्वा सांगेल ते दर वेळी वेगळं असेल.

मी सहाला गेटावर होतो. अक्काकडून धपाट्यांचा डबा आणलेला, नांदेडची गाडी रात्रीच मुंबईला पोचली होती. लाल आले, हिरवे आले. पांढऱ्या टोप्या घातलेले तुमचे डीलर आले, एकाच्या शर्टावर अंड्याचा पिवळा डाग, खिशाच्या जागी. मी सांगितलं होतं.

अकराला अप्पा आणि अव्वा आले. म्हाताऱ्या माणसांना पुढं सोडलं आणि तू आत राहिलास, कारण साठ निळ्या बॅगांतली आपली बॅग कोणीतरी नेली होती. अव्वा मला बघून रडली नाही. ती बॅगेवरच चिडलेली होती. म्हणाली, "झोळी बॅगेत गेली रं मल्लेश. मीच घातली. हात मोकळे राहू दे म्हणलं." अप्पांनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. गळ्यात लिंग आहे, पण विभूती नाही, तांब्या नाही, पूजा नाही. तुझ्या त्या बुफेच्या हॉलमध्ये, लोक पाव रुमालात बांधत असताना, अप्पा दीड तास हात मांडीवर ठेवून बसले. अव्वानं सांगितलं. ओठ पांढरे झाले होते त्यांचे. अकराचं ऊन.

मी बघितलं आणि गळ्यातला दोरा मला टोचायला लागला. एक म्हातारा विभूती नाही म्हणून पाण्याला शिवत नाही, आणि मी त्याच्या बोटांपुढं औशाचा दगड धरणार. मागं वळलो, चप्पल बघतोय असं दाखवलं आणि दोरा तोडून खिशात टाकला. मग उभा राहिलो.

अप्पा आले. कॉलरच्या आत दोन बोटं. इकडून तिकडं फिरली, परत इकडं आली. बोटं थंड होती.

"कुठाय?"

"गेलं अप्पा. दोन वर्सं झाली. ह्याच जहाजावर गेलं." आणि सगळं सांगितलं, मोजा, पिवळी पट्टी, माज, बस, पडदा. खिशातला दगड पण काढून दाखवला. गेटावरचा शिपाई ऐकत होता, त्याला ऐकू दिलं.

तेव्हा मला सरजाबाईची वडी आठवली. खिशातच होती, कागदात. मी म्हटलं, विभूती हाय माझ्याकडं. औशाची. खरी हाय.

अप्पांनी वडी घेतली, हुंगली. मग तिथंच, फुटपाथवर, बंदराच्या भिंतीला टेकून बसले. अव्वानं पदर अंथरला. मी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर सोडलं. मागं तुमचे डीलर ग्रुप फोटो काढत होते, 'पाइप' म्हणा म्हणजे दात दिसतात असं कोणीतरी ओरडत होतं. अप्पांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. पंधरा मिनिटं. एवढा वेळ मी जन्मात कधी एका जागी बसलो नाही.

पूजा झाली. पाणी प्याले, बाटली संपवली. मी डबा उघडला.

तेव्हा बोलले. डब्याकडं बघत, माझ्याकडं नाही.

"तवापासून जेवलास का रं?"

नेम तर तुला माहीत आहे, लिंग गेलं तर जेवायचं नसतं. मी म्हटलं, जेवलो.

"रोज?"

"रोज."

धपाट्याचे दोन तुकडे केले त्यांनी. मोठा माझ्यापुढं सरकवला.

"बरं केलास," म्हणाले. "मला तीच काळजी होती."

मग विचारलं, प्रवास कसा झाला.

तू दोनला आलास, उदगीरवाल्याची बॅग घेऊन. तुझं धपाटं ठेवलं होतं. तू नको म्हणालास. सोमवारी पुन्हा लिंग घ्यायला गुरुपादप्पा स्वामींकडं जायचंय, अप्पा येतायत, तुला पण चल म्हणाले. ही पाचही पाकिटं आता तुझ्यासमोर आहेत. तारखेनं उघड.

मल्लेश